रेड आणि सिल्व्हर : थोड्या पैशांत जुने गेम जमवण्याच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

यंदा ठरवूनच टाकलं. आज नव्याने येणाऱ्या एका मोठ्या गेमला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तीन महिने भागवायचे. कन्सोल, कार्ट्रिज, सेल, साफसफाईचं सामान, पाठवणीचा खर्च, सगळं त्यातच. उरलेले पैसे पुढे ओढता येतील, पुढचे आधी उचलता येणार नाहीत.

दुसरा नियम जास्त कडक. हातातला गेम संपवल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. लॉटमध्ये चार एकदम आले तर येऊ देत, पण खेळायचे एकेक करून. मला भिंतभर डबे नकोत, मला हे गेम खेळायचे आहेत.

सुरुवात गेम बॉयपासून. १९८९ साली आलेलं निन्टेन्डोचं हे हातात धरून खेळायचं यंत्र आणि त्याचा धाकटा भाऊ गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले, त्यामुळे वस्तू अजून मुबलक आहे. वेगळा टीव्ही लागत नाही. आत डिस्क फिरवणारी मोटर नाही, झिजणारी लेसर नाही. आणि गेम बॉयला प्रदेशाचं कुलूप नाही, म्हणजे जपानी कार्ट्रिजही त्यात सरळ चालतं. थोड्या पैशांत जमवणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे, कारण कोडी आणि उड्या मारायच्या गेमांत वाचण्यासारखं काही नसतंच.

१३ जानेवारी

यादी केली आणि निम्मी खोडली. भाव कशावर ठरतो हे डोक्यात नीट बसल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, असं ठरवून आठवडाभर नुसत्या जाहिराती वाचल्या.

जो गेम चांगला तो महाग, असं मुळीच नाही. जो कमी छापला गेला तो महाग. कन्सोलच्या अखेरच्या दिवसांत आलेले गेम थोडेच विकले गेले, म्हणून आज त्यांना सोन्याचा भाव. उलट ‘टेट्रिस’ अनेक देशांत गेम बॉयसोबत डब्यातच यायचा, त्यामुळे तो करोडोंनी निघाला आणि आज चिल्लरीत मिळतो. गेम बॉयवरचा सगळ्यात चांगला गेम कोणता असं मला कुणी विचारलं तर मी ‘टेट्रिस’चंच नाव घेईन. म्हणजे सगळ्यात चांगला गेम जवळपास सगळ्यात स्वस्त आहे. याहून चांगली बातमी कुठली?

डबा आणि पुस्तिका यांचा मोह सोडला. डबे पुठ्ठ्याचे, मुलांनी पहिल्याच दिवशी फाडले आणि टाकले. म्हणून शाबूत डब्याला आतल्या गेमपेक्षा जास्त पैसे पडतात. मी सुटी कार्ट्रिजच घेणार. (लहानपणी आम्ही त्यांना ‘कॅसेट’च म्हणायचो. इथे कार्ट्रिज लिहितो, तोंडात अजून कॅसेटच येतं.)

२१ जानेवारी

पहिली खरेदी : राखाडी गेम बॉय, १९८९चं मूळ मॉडेल. ‘चालू होत नाही, आधी स्क्रीनवर रेघा होत्या’ अशी सरळ जाहिरात होती. चालू यंत्राच्या पाव किमतीत मिळाला. बिघाड खरा सांगणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो. ‘तपासलेलं नाही’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे बहुधा तपासलेलं असतं आणि चालत नसतं.

सेलचं झाकण उघडलं तर चार पेन्सिल सेलच्या जागेत हिरवट-पांढरा थर साचलेला. कुणीतरी सेल आत तसेच ठेवून विसरून गेलं होतं. अल्कलाइन सेल गळतात तेव्हा बाहेर येतो तो अल्क, म्हणून त्यावर सौम्य आम्ल चालतं. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं, थर फसफसला, जुन्या टूथब्रशने घासून काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर वाळत ठेवला. एक स्प्रिंग गंजून तुटायला आली होती, ती बदलावी लागली.

२८ जानेवारी

यंत्र चालू झालं! आवाज स्वच्छ, बटणं चांगली. पण पडद्यावर सात उभ्या रेघा कोऱ्या. त्या जागी काही उमटतच नाही, जणू चित्रातून पट्ट्या कापून घेतल्यात.

हा या मॉडेलचा जुना आजार. १६० बाय १४४ ठिपक्यांच्या त्या पडद्याला खालच्या बाजूने एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यातून प्रत्येक उभ्या ओळीला विद्युत संदेश जातो. वर्षं सरतात तशी ती पट्टी कुठेकुठे काचेपासून सुटते आणि तिथली ओळ मरते. पडदा खराब झालेला नसतो, नुसती पकड सुटलेली असते.

स्क्रू काढून पुढचा भाग मोकळा केला. पडद्याच्या खालच्या कडेची रबराची पट्टी उचलली. सोल्डरिंग आयर्नचं तापमान कमीत कमी ठेवलं, यंत्र चालू ठेवलं आणि आयर्नचं टोक पट्टीवरून डावीकडून उजवीकडे अगदी हळू फिरवलं. दाब जास्त दिला तर काच तडकते, उष्णता जास्त झाली तर पट्टी जळते. तिसऱ्या फेरीला पहिली रेघ चमकली आणि राहिली. मग दुसरी. टोक जसं पुढे सरकत होतं तशा मागे ओळी उमटत होत्या. सातवी रेघ एकदम काठाला होती, तिने पाऊण तास घेतला. ती आली तेव्हा मी आयर्न खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसलो.

१८ फेब्रुवारी

‘टेट्रिस’ संपवला. तो संपत नाही हे खरं, म्हणून मी व्याख्या केली होती : ‘बी’ प्रकार, पातळी ९, उंची ५. अर्धी विहीर आधीच कचऱ्याने भरलेली असते आणि २५ ओळी काढायच्या असतात. जमलं की वादक येतात, नर्तक येतात आणि शेवटी अवकाशयान उडतं. तीन आठवडे लागले. यान उडालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

या कार्ट्रिजमध्ये सेल नाही. उच्चांक यंत्र बंद केलं की पुसला जातो. म्हणजे आत मरण्यासारखं काहीच नाही. यावरून एक उपयोगी चाळणी सापडली. ‘सुपर मारिओ लँड’, ‘किर्बीज ड्रीम लँड’ हेही सेव्ह न होणारे गेम, दोन्ही एका बैठकीत संपणारे. ज्याला नुकती सुरुवात करायची आहे त्याने हे आधी घ्यावेत. सेल बदलायची कटकट नाही आणि विक्रेत्याला विचारायचा एक प्रश्न कमी.

१० मार्च

महिन्याचे सगळे पैसे बुडाले.

‘सुपर मारिओ लँड २’ मागवला. हा १९९२चा, यात तीन सेव्ह राहतात. फोटोत कार्ट्रिज छान दिसत होतं, भावही बरा होता. खेळलो, सेव्ह केलं, बंद केलं, चालू केलं. सेव्ह गायब. उघडून बघितलं तर आत सेलच नाही. बारीकशी हिरवी पट्टी, तिच्यावर काळा डांबरासारखा गोळा. नक्कल. विकणारा म्हणतो, चालतो ना, मग तक्रार कसली.

राग आला. पैशांचा आला तसा त्या गोळ्याचाही आला. मला खोटी वस्तू खरी म्हणून जपायला दिली होती.

आता पैसे देण्याआधी तीन फोटो मागतो. मागच्या बाजूचा स्क्रू : खऱ्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पाना लागतो, नकलेला पुष्कळदा साधा चौफुलीचा स्क्रू असतो. खालची तोंडाची बाजू : पिना आणि पट्टीची कड. आणि लेबल, तिरप्या उजेडात धरलेलं : मूळ लेबलावर बहुधा दोन आकड्यांचा दाबून उठवलेला ठसा असतो, सरळ फोटोत तो दिसत नाही, तिरप्या उजेडात लगेच उठून दिसतो. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. भाव कितीही चांगला असो.

१७ मार्च

‘किर्बी’चं जपानी कार्ट्रिज आलं. लावलं तर पडद्यावर वरून उतरणारं ‘निन्टेन्डो’ हे नाव फुटकं, अक्षरांच्या जागी ठोकळे, आणि यंत्र तिथेच थांबलं.

या अडलेल्या नावामागचं काम मला फार आवडतं. गेम बॉयच्या पोटात २५६ बाइटांचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. चालू केल्याबरोबर तो कार्ट्रिजमधून ४८ बाइटांचं ते नाव वाचतो, पडद्यावर उतरवतो आणि आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतो. एक ठिपका जरी जुळला नाही तरी पुढे जात नाही. म्हणजे ते नाव नीट दिसणं हीच पिनांच्या तब्येतीची चाचणी. फुटकं नाव दिसलं म्हणजे कार्ट्रिज मेलं असं समजून लोक ते कवडीमोलाने विकतात, आणि बहुतेक वेळा नुसता मळ असतो.

फुंकर मारायची नाही. तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि वर्षानुवर्षं त्यांना खातो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पिनांच्या दिशेने उभं घासायचं. पहिली काडी काळी निघाली, दुसरी करडी, पाचवी पांढरी. नाव स्वच्छ उतरलं, टिंग वाजलं. एका संध्याकाळी ‘किर्बी’ संपवलाही.

१४ एप्रिल

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक बुटांचा खोका सापडला. आत जांभळा पारदर्शक गेम बॉय कलर (सेलचं झाकण नाही), खेळांची दोन कार्ट्रिज, आणि तळाशी ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन सिल्व्हर’.

“काका, हे चालतं का?”

“मला काय ठाऊक. घर रिकामं करायचं काम घेतलं होतं, त्यात निघालं. घ्यायचं तर सगळा खोका घ्या, सुटं देत नाही.”

“घर कुणाचं होतं?”

“ते कोण विचारतं हो.”

स्क्रू बघितले, पिना बघितल्या, लेबल तिरपं धरून ठसा बघितला. दोन्ही खरी. घासाघीस केली नाही, मागितले तेवढे दिले. एप्रिलचे सगळे आणि आधीचे उरलेले, दोन्ही संपले.

१५ एप्रिल

सिल्व्हर लावला. ‘नवा गेम’ एवढंच दिसतं. सेव्ह मेलेला.

रेड लावला. वरच्या ओळीत ‘कंटिन्यू’, म्हणजे आधीचा खेळ पुढे.

हात थांबला. ‘रेड’ जपानबाहेर १९९८ साली आला. त्या काळातला एक सेव्ह अजून जिवंत आहे. बटण दाबलं की आत जाण्याआधी एक छोटी चौकट येते : खेळाडूचं नाव, बॅज (जिंकलेली पदकं), पोकेडेक्स (पकडलेल्या पोकेमॉनांची नोंद), वेळ. नाव चार अक्षरांचं. बॅज ८. पोकेडेक्स ६१. वेळ ९४ तास १२ मिनिटं.

आत गेलो. खेळातलं मूल लीगच्या, म्हणजे शेवटच्या स्पर्धेच्या, दारात, इंडिगो पठाराच्या दालनात उभं आहे. पुढे चार मोठे प्रतिस्पर्धी आणि मग अजिंक्यपद. पिशवीत सहा पोकेमॉन, म्हणजे पकडून लढवायचे प्राणी. पहिला ब्लास्टॉइज, पातळी ६८. बाकीचे पाच विशी-तिशीत. ज्याने लहानपणी हा गेम खेळलाय त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल : एकट्या लाडक्यालाच सगळ्या लढायांना पुढे काढायचं, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. आणि त्या ब्लास्टॉइजला टोपणनाव आहे. तेच, चार अक्षरांचं. मुलाने आपलंच नाव त्याला दिलंय.

काही न हलवता, काही सेव्ह न करता बंद केलं.

माझा नियम सांगतो की गेम संपवायचा. पण रेडमध्ये सेव्हची जागा एकच. मी नवा खेळ सुरू करून एकदा सेव्ह केलं की हे ९४ तास गेले.

१६ एप्रिल

दोन्ही उघडली.

एकाच खोक्यातली दोन कार्ट्रिज, जुनं जिवंत आणि नवं मेलेलं, हे असं का, ते आत दिसतं. सेव्ह ज्या चिपवर राहतो ती वीज गेली की सगळं विसरते, म्हणून शेजारी एक नाण्याएवढा सेल असतो, तो रात्रंदिवस तिला थेंब थेंब वीज पाजत राहतो. माझ्या रेडमध्ये सीआर१६१६ निघाला : १६ मिलिमीटर रुंद, १.६ जाड, नावातच माप. सिल्व्हरमध्ये सीआर२०२५, २० रुंद आणि २.५ जाड, जवळपास तिपटीने वीज साठवणारा. तरी मोठाच आधी गेला. कारण सिल्व्हरमध्ये घड्याळ आहे. खेळात दिवस आणि रात्र होतात, आणि कार्ट्रिज कपाटात पडलेलं असतानाही ते घड्याळ टिकटिकत राहतं. सगळी वीज त्याने खाल्ली.

मल्टिमीटर लावला. सिल्व्हर ०.४ व्होल्ट. रेड २.७१. नवा सेल तीनच्या वर दाखवतो. २.७१ म्हणजे किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. महिना असेल, चार वर्षं असतील. मग कधीतरी एक दिवस ‘कंटिन्यू’ दिसणार नाही.

रेडचं कवच परत बंद करून बाजूला ठेवलं. आधी सिल्व्हर, तिथे गमावण्यासारखं काही नाही, हात तिथे बसवू.

५ मे

सिल्व्हरचा सेल बदलला. सेलच्या दोन्ही बाजूंना धातूच्या जिभा असतात, त्या बोर्डावर डाख देऊन बसवलेल्या. नवा सेल जिभांसकटच घ्यायचा. साध्या सेलवर थेट सोल्डर केलं तर उष्णतेने तो फुगतो, फुटूही शकतो. चिकटपट्टी लावून दाबून बसवणारेही आहेत, पण कार्ट्रिज हातातून पडलं की संपर्क सुटतो आणि सेव्ह जातो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, जिभांचा सेल काही फार महाग नसतो.

जुना डाख वितळत नव्हता. त्याच्यावर थोडा नवा डाख लावला की दोन्ही मिळून लगेच वितळतात, ही युक्ती आज पटली. अधिक-उण्याच्या खुणा दोनदा बघितल्या, जीभ बसवली, मीटर लावला : ३.२२.

नवा खेळ सुरू केला. पहिलाच प्रश्न, आत्ता किती वाजले? मी खरी वेळ दिली. खेळात रात्र होती आणि खिडकीबाहेरही.

मे-जूनचं बजेट आता मोकळं आहे, कारण सिल्व्हर पुष्कळ आठवडे पुरणार. एका गेमवर दोन महिने जाणं हा पैसे वाचवण्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला मार्ग आहे.

१२ मे

बाजूची एक नोंद. प्लेस्टेशनच्या अकरा डिस्कांचा लॉट स्वस्तात समोर आला होता, घेतला नाही. डिस्क पालथी करून उजेडासमोर धरली तर तीन ठिकाणी टाचणीएवढी भोकं दिसली. खालच्या बाजूचा ओरखडा घासून घालवता येतो, तिथे प्लास्टिकचा जाड थर असतो. पण माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, तो वरून खरवडला गेला तर गेला. बहुतेक लोक नेमकी उलटी काळजी घेतात आणि डिस्क लेबलावर ठेवतात.

२६ मे

मित्राकडून कार्ट्रिज रीडर आणला. कार्ट्रिज खोचायचं, यूएसबीने संगणकाला जोडायचं, आतला गेम आणि सेव्ह फाइल म्हणून उतरतात.

रेडच्या पिना आधी तीनदा पुसल्या. हात थरथरत होता, ते लिहायला लाज वाटत नाही. पहिली प्रत उतरवली, कार्ट्रिज काढलं, परत खोचलं, दुसरी उतरवली, दोन्ही फाइली ताडून बघितल्या. तंतोतंत सारख्या. ९४ तास १२ मिनिटं म्हणजे ३२ किलोबाइट. फोनवर काढलेल्या एका फोटोत असे शंभर जण मावतील.

फाइल तीन ठिकाणी ठेवली. मग आयर्न तापवला, जुना सीआर१६१६ काढला. त्या क्षणी कार्ट्रिजमधला सेव्ह मेला, हे माहीत असूनही पोटात कालवलं. नवा बसवला, ३.२४ व्होल्ट. रीडरने फाइल परत लिहिली. कार्ट्रिज गेम बॉयला लावलं, नाव उतरलं, टिंग वाजलं.

‘कंटिन्यू’. चार अक्षरं. ८, ६१, ९४:१२.

२ जून

हे सगळं इम्युलेटरवर, म्हणजे संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग देणाऱ्या प्रोग्रॅमवर, फुकटात होतं, मग कशाला, असं मित्राने रीडर परत घेताना विचारलं. प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हटलं, तू आणलेल्या रीडरमुळेच तर हा सेव्ह वाचला, मी इम्युलेटरच्या विरोधात कसा असेन?

पण दुकानांच्या भरवशावर हे गेम ठेवता येत नाहीत हेही खरं. रेड आणि सिल्व्हर मधल्या काळात निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस या नंतरच्या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात अधिकृतपणे मिळायचे. ते दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं, खरेदी थांबली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेतल्या जुन्या गेमांची पाहणी प्रसिद्ध केली : २०१० आधीच्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकतच मिळत नव्हते. म्हणजे शंभरातले सत्त्याऐंशी अधिकृतपणे फक्त जुन्या कार्ट्रिजांत, जुन्या डिस्कांत, कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यांत आहेत. आणि इम्युलेटरवर गेम मिळेल, पण ते मूल मिळालं नसतं. ते या एकाच कार्ट्रिजमध्ये होतं.

२३ जून

सिल्व्हरमध्ये इक्रुटीक गावी पोचलो, बिल नावाचा संशोधक भेटला, फॉग बॅज मिळाला. बिलने टाइम कॅप्सूल सुरू करून दिलं, पण ते लगेच चालत नाही, दुसऱ्या दिवशीपासून. खेळातला दुसरा दिवस म्हणजे खराच दुसरा दिवस, त्या घड्याळावरचा.

टाइम कॅप्सूल म्हणजे सिल्व्हरमधून मागच्या पिढीच्या गेमांशी, म्हणजे रेडशी, केबलने अदलाबदल करण्याची सोय. हे वाचलं होतं, पण आज बिलच्या तोंडून ऐकताना एकदम सुचलं : त्या ब्लास्टॉइजला इकडे आणता येईल.

अडचण केबलची. मूळ गेम बॉयचं केबलचं भोक मोठं, कलरचं लहान. एका टोकाला मोठी आणि दुसऱ्याला लहान पिन असलेली केबल लागेल. जूनमध्ये काही घेतलेलं नाही, पैसे आहेत.

१४ जुलै

केबल आली. रेड राखाडी गेम बॉयमध्ये, सिल्व्हर जांभळ्या कलरमध्ये, मधे केबल.

टाइम कॅप्सूलच्या अटी फार कडक. सिल्व्हरच्या बाजूला पिशवीत नव्या पिढीतला एकही पोकेमॉन चालत नाही, जुन्याला नवी चाल येत असेल तर तोही नाही. १९९८च्या कार्ट्रिजला जे ठाऊक नाही ते त्याच्याकडे पाठवायचं नाही, एवढा साधा हिशेब. सगळे जमा करून ठेवले, एक पिजी आणि एक रॅटाटा घेऊन गेलो.

रेडच्या बाजूने मुलाला दालनातल्या केबल क्लबच्या बाईपाशी नेलं. चार-पाच पावलं. ती बाई आधी सेव्ह करायला लावते. फाइल तीन ठिकाणी आहे हे स्वतःला पुन्हा सांगितलं आणि ‘हो’ म्हटलं. वेळ ९४ तास १३ मिनिटं झाली.

पिजी दिला, ब्लास्टॉइज घेतला. दोन्ही पडद्यांवर चेंडू केबलमधून सरकताना दिसतो, एकावरून निघतो आणि दुसऱ्यावर पोचतो. हिरवट पडद्यावरून गेला आणि शेजारच्या रंगीत पडद्यावर आला तेव्हा ब्लास्टॉइज मला पहिल्यांदा निळा दिसला.

त्याची माहिती उघडली. टोपणनाव तेच. खाली मूळ मालकाचं नाव, तेच. अदलाबदलीत हे पुसलं जात नाही. आता तो माझ्याकडे असला तरी मालक म्हणून नाव त्या मुलाचंच राहणार.

नंतर मित्राच्या घरी जाऊन रेडमध्ये मूळ फाइल परत लिहिली. मूल पुन्हा दालनात उभं, ९४:१२, पिशवीत ब्लास्टॉइज. तो खेळ मी पुढे नेणार नाही. चौघांशी लढायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. माझा दुसरा नियम रेडपुरता मोडला, तसं इथे लिहून ठेवतो.

२१ जुलै

ब्लास्टॉइज माझं ऐकत नाही. दुसऱ्याकडून आलेला पोकेमॉन किती पातळीपर्यंत आज्ञा पाळेल हे बॅजवर ठरतं, फॉग बॅजला ५०पर्यंत. हा ६८चा. लढाईत पुढे केला तर तोंड फिरवतो, डुलकी काढतो, ऐकू न आल्यासारखं करतो. चारदा सांगितलं की एकदा करतो. मला हे योग्यच वाटतं.

११ ऑगस्ट

तीन महिन्यांचा हिशेब मांडला. मे ते जुलैमध्ये घेतलं ते एवढंच : जिभांचे चार सेल, अल्कोहोलची बाटली, केबल, गेम बॉय कलरचं झाकण. गेम एकही नाही. जानेवारीच्या यादीत चाळीस नावं होती. आज शेल्फवर सात कार्ट्रिज आहेत, त्यातलं एक नक्कल, ते नव्या माणसाला फरक दाखवायला ठेवलंय.

२५ ऑगस्ट

सियानवुड गाठलं. तिथल्या चक या प्रमुखाचा पोलीरॅथ जड गेला, दुसऱ्या प्रयत्नात हरवला. स्टॉर्म बॅज मिळाला, त्याने ७०पर्यंतचे ऐकतात.

बाहेर पडून पहिल्याच लढाईत ब्लास्टॉइजला पुढे केलं. ‘सर्फ’ सांगितलं. त्याने केलं, पहिल्या सांगण्याला. सागरी लाट पडद्यावरून गेली.

व्होल्टेज : रेड ३.२१, सिल्व्हर ३.१७. दोन्ही यंत्रांतले पेन्सिल सेल काढून ठेवले. पुढचं माप फेब्रुवारीत.